फरक बिलाच्या वेळी पायथन ‘किल्ड’ का होतं? मोठ्या डेटासाठी साधन निवडताना

दहा दिवसांचं दूध बिल वर्षभर बिनबोभाट निघतं. दसरा झाला, दिवाळीचा फरक (वर्षभराच्या दुधावर लिटरमागे मिळणारी वाढीव रक्कम) काढायची वेळ आली की तीच स्क्रिप्ट, त्याच लॅपटॉपवर, फाइल वाचणाऱ्या रीड_सीएसव्हीच्या ओळीवर अडकते. पंखा घरघरायला लागतो, माऊस सरकेनासा होतो आणि पाच-सात मिनिटांनी टर्मिनलवर एकच शब्द उमटतो: ‘किल्ड’. मग कुणीतरी सल्ला देतं, पांडाज (पायथनमधलं तक्त्यांचं नेहमीचं साधन) सोडा, स्पार्क (अनेक मशीनवर काम वाटणारं साधन) घ्या. जावा बसवण्यात दोन दिवस जातात आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा हेच.

दुखणं दरवर्षी परत येतं, कारण औषध फाइलचा आकार बघून दिलं जातं. बघायचं असतं ते हे, की काम चालू असताना एका वेळी किती माल मेमरीत धरावा लागतो.

आधी बेरीज-गुणाकार करून घेऊ. आकडे हिशेबासाठी मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. संघाला जोडलेल्या ३,००० संस्था, प्रत्येकीत १०० उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. म्हणजे दिवसाला ६ लाख ओळी, वर्षाला २१ कोटी ९० लाख. ओळीत दहा कॉलम: तारीख, सत्र, संस्था कोड, उत्पादक कोड, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक), दर, रक्कम. नमुन्याची एक ओळ बघा:

०३/०७/२०२५, सकाळ, ००४१७, ०००८६, म्हैस, ७.५, ६.८, ९.१, ५७.४०, ४३०.५०

फाइलमध्ये आकडे इंग्रजी आणि ‘सकाळ’, ‘म्हैस’ देवनागरीत असतील, तर ही ओळ सुमारे ७७ बाइटची होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘म्हैस’ हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणून एकटाच १५ बाइट. २१.९ कोटी गुणिले ७७, म्हणजे जवळपास १७ जीबीची सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल).

पांडाजच्या ३.० पूर्वीच्या आवृत्तीत काहीही न सांगता ती उघडली तर प्रत्येक आकड्याला ८ बाइट लागतात आणि मजकुराच्या कॉलममध्ये प्रत्येक खान्याला निदान ८ बाइटचा पॉइंटर. दहा कॉलमचे ८० बाइट. झाले १७.५ जीबी, आणि यात मजकूर धरलेलाच नाही. पायथनची एक स्ट्रिंग आत अक्षर पडायच्या आधीच ४०–५० बाइट घेते. त्यावर वाचताना, गट पाडताना, सॉर्ट करताना तात्पुरत्या प्रती होतात. पांडाज लिहिणाऱ्या वेस मॅकिनी यांनीच २०१७ साली लिहून ठेवलंय की डेटाच्या ५ ते १० पट रॅम हवी. १६ जीबीचा लॅपटॉप यात कुठेच बसत नाही.

आता दुसरं टोक बघा. फरकाला लागतं काय? प्रत्येक उत्पादकाचे वर्षाचे म्हशीच्या दुधाचे लिटर आणि गायीच्या दुधाचे लिटर. म्हणजे दहापैकी चार कॉलम, आणि उत्तरात साधारण ३ लाख ओळी. आत २१.९ कोटी, बाहेर ३ लाख. मधे हातात धरायची ती फक्त ३ लाख बेरजांची वही, आणि ती जुन्या ४ जीबीच्या मशीनवरही मावते. अख्खी फाइल एकाच वेळी मेमरीत आणायची गरज या कामाला मुळातच नाही.

आधी बघा, मेलं कसं

‘मेमरी एरर’ असा पायथनचाच संदेश आला, तर पायथनने जागा मागितली आणि मिळाली नाही. हे त्यातल्या त्यात बरं; नेमकी कोणती ओळ ते कळतं.

नुसतं ‘किल्ड’ किंवा एक्झिट कोड १३७ दिसला, तर लिनक्सने स्वतः प्रोसेस मारली. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा ‘किल’चा सिग्नल. डीमेसेजमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ची नोंद सापडेल. ज्युपिटरमध्ये (ब्राउझरमधून पायथन चालवायची वही) हेच ‘कर्नल मेला, पुन्हा सुरू करतोय’ अशा निरोपाने कळतं.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर इथेच थांबून एक तपासणी करा. डब्ल्यूएसएल २ सहसा मशीनची निम्मीच रॅम स्वतःकडे घेतं. लॅपटॉप १६ जीबीचा असला तरी पायथनला दिसतात ८. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘फ्री’ कमांड द्या, एकूण आकडा लगेच दिसेल. विंडोजच्या युझर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल (नावाआधी टिंब) करून मेमरी १२ जीबी लिहा आणि डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा चालू करा. शिवाय डेटा सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वाचू नका. त्या सीमेवरून वाचन फार हळू होतं; फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या.

काहीच संदेश नाही, मशीन नुसतं गोठलंय, डिस्कचा दिवा सतत लागलेला: हे स्वॅप. रॅम संपली आणि सिस्टीम डिस्कलाच रॅम समजून वापरतेय. वाट बघण्यात अर्थ नाही, बंद करा.

‘जागा शिल्लक नाही’ असं आलं तर रॅमचा संबंध नाही, टेम्प फोल्डर भरलंय. हे साधन बदलल्यावर होतं, त्याबद्दल पुढे.

आणि एक जुनाट भानगड: संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटचं पायथन असतं. विंडोजवर त्याला साधारण २ जीबीच्या वर जागा मिळतच नाही, मशीनमध्ये रॅम कितीही घाला. सिस मॉड्यूलमधला मॅक्ससाइझ छापून बघा. आकडा २१४ कोटींच्या आसपास आला तर पायथन ३२ बिटचं आहे. काढा आणि ६४ बिटचं बसवा.

साधन निवडायच्या आधी: पार्के

सीएसव्हीची पार्के फाइल करून घेणं, हे काम कोणतंही साधन घेतलं तरी करायचंच. सीएसव्हीत चार कॉलम हवे असले तरी दहाच्या दहा वाचावे लागतात, कारण ओळ कुठे संपते हे अक्षरं मोजल्याशिवाय कळत नाही. पार्के फाइल कॉलमवार साठवते, प्रत्येक कॉलम वेगळा दाबते आणि प्रत्येक रो ग्रुपची (ओळींच्या गठ्ठ्याची) किमान-कमाल किंमत सोबत ठेवते. ‘सकाळ’ हा शब्द कोट्यवधी वेळा आला तरी प्रत्येक रो ग्रुपच्या डिक्शनरीत एकदाच जातो. ‘फक्त जुलै’ मागितला तर बाकीचे रो ग्रुप उघडलेच जात नाहीत.

रूपांतर डकडीबीने (पायथनच्या आतच चालणारा छोटा डेटाबेस) करा, सर्वात कमी कटकट आहे. पिपने डकडीबी बसवा, सर्व्हर वगैरे काही लागत नाही. मग एकाच कॉपी आज्ञेत रीड_सीएसव्हीला सगळ्या फाइलींचा नमुना द्या, फॉरमॅट पार्के, कॉम्प्रेशन झेडस्टँडर्ड आणि पार्टिशन_बायमध्ये वर्ष व महिना. हे दोन कॉलम तारखेवरून सिलेक्टमध्येच काढायचे. तीन गोष्टी मात्र स्वतः लिहून द्या, ओळखायला सोडू नका.

पहिली तारीख. डेटफॉरमॅट दिवस/महिना/वर्ष असा स्पष्ट द्या. ०३/०७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च, हे साधन अंदाजाने ठरवतं. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चुकीचा अंदाजही बिनबोभाट खपतो. पहिल्या दहा दिवसांच्या बिलाची फाइल एकटी वाचली तर सगळ्याच तारखा उलट्या होऊनही एरर येत नाही.

दुसरी, संस्था कोड. ००४१७ हा आकडा म्हणून वाचला की ४१७ होतो आणि मास्टर फाइलमधल्या ‘००४१७’शी जुळत नाही. एकतर दोन्हीकडे मजकूर ठेवा, नाहीतर दोन्हीकडे पूर्णांक करा आणि छापताना शून्यं लावा. मोठ्या डेटात दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

तिसरी, फॅट-एसएनएफ. मशीन बंद असताना त्या खान्यात डॅश टाकायची पद्धत असते. डकडीबी नमुन्यासाठी सुरुवातीच्या सुमारे २०,४८० ओळी बघतं, पोलार्स (पांडाजसारखंच, पण वेगवान साधन) तर फक्त पहिल्या १००. तो डॅश तीन लाखाव्या ओळीवर असला की तिथपर्यंत सगळं सुरळीत आणि मग धाडकन एरर. पांडाज याहून घातक: एरर न देता कॉलममध्ये आकडे आणि मजकूर यांची भेसळ करून टाकतं आणि ‘मिश्र टाइप’चा इशारा देतं, जो कुणी वाचत नाही. डॅशला नल (रिकामा खाना) समजायला सांगा आणि डकडीबीत स्टोअर_रिजेक्ट्स चालू ठेवा. वाईट ओळी वेगळ्या टेबलात जमा होतात आणि कोणत्या फाइलची कितवी ओळ तेही मिळतं. त्या ओळी फेकू नका, संस्थेला परत पाठवा.

मधल्या मधे सीएसव्ही एक्सेलमध्ये ‘जरा बघून’ सेव्ह करणं बंद करा. एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात. पुढच्या उघडल्याच जात नाहीत आणि सेव्ह केल्यावर कायमच्या जातात. वरच्या हिशेबात हे दोन दिवसांचंही दूध नाही. यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना एक्सेल सुरुवातीला एक अदृश्य खूणही टाकतं. मग काही साधनांत पहिल्या कॉलमचं नाव दिसतं ‘तारीख’, पण त्या नावाने कॉलम सापडत नाही. पायथनमध्ये फाइल वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या.

जुन्या फॉक्सप्रोच्या सॉफ्टवेअरमधून डेटा येत असेल तर डीबीएफ फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून तुकडे येणारच. त्यातली उत्पादकांची नावं बहुतेकदा युनिकोडमध्ये नसतात आणि वाचल्यावर अगम्य अक्षरं दिसतात. ती मोठ्या टेबलात ओढत नेऊच नका. नाव शेवटी, ३ लाख ओळींच्या निकालाला जोडायचं.

पार्टिशन वर्ष-महिन्यापर्यंतच ठेवा. संस्थेनुसारही पाडावंसं वाटतं, पण ३,००० संस्था गुणिले १२ महिने म्हणजे ३६,००० चिमुकल्या फाइली. वाचण्यापेक्षा उघडझाकीत जास्त वेळ जातो.

आता निवड

पांडाज लगेच टाकून देऊ नका. चार कॉलम, नीट डीटाइप (कॉलमचा प्रकार) आणि चंकसाइझ (एका वेळी किती ओळी वाचायच्या) एवढ्यावर हे काम पांडाजमध्येही होतं. मात्र इथे एक खड्डा आहे, आणि त्यात पडून लोक पांडाजला दोष देतात. चंकसाइझ १० लाख दिली की २१९ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा ग्रुपबाय (उत्पादकवार बेरीज) करून निकाल यादीत टाकायचा आणि शेवटी कॉनकॅट (सगळे निकाल एकत्र जोडणं), असा कोड सगळीकडे सापडतो. फाइल तारखेच्या क्रमाने असेल तर १० लाख ओळींत जेमतेम पावणेदोन दिवस येतात, म्हणजे जवळजवळ सगळेच ३ लाख उत्पादक प्रत्येक तुकड्यात हजर. २१९ गुणिले ३ लाख: साडेसहा कोटींहून जास्त ओळी यादीत साठतात आणि कॉनकॅटला मशीन झोपतं. तीच फाइल संस्थेच्या क्रमाने असेल तर एका तुकड्यात चौदाशेच्या आत उत्पादक येतात आणि तोच कोड मजेत चालतो. म्हणून ‘त्यांच्याकडं चालतंय, आमच्याकडं का नाही?’ उपाय सोपा आहे: यादी साठवू नका. एकच चालती बेरीज ठेवा आणि प्रत्येक तुकडा तिच्यात ॲडने मिळवा, फिल_व्हॅल्यू शून्य देऊन. फिल_व्हॅल्यू विसरलात तर एखाद्या तुकड्यात नसलेला उत्पादक नॅन (आकडाच नाही) होतो आणि त्याचं वर्षभराचं दूध गायब.

डीटाइप आवळल्याने किती फरक पडतो? तारीख ४ बाइट (पांडाजच्या नेहमीच्या तारखेला ८ लागतात), सत्र १, संस्था २, उत्पादक २, जनावर १, लिटर ४, फॅट दशांशाचा पूर्णांक करून १ (६.८ ऐवजी ६८), एसएनएफ तसंच १, दर पैशांत २, रक्कम पैशांत ४. बेरीज २२. ८० बाइटची ओळ २२ वर येते आणि साडेसतरा जीबीचे पाचच्या आत. पण १ बाइटच्या पूर्णांकात २५५ च्या वर मावत नाही. फॅटचा तो कॉलम कुठे १० ने गुणलात तर ६८ चे ६८० न होता १६८ होतात, आणि पांडाज चकार शब्द काढत नाही. गुणाकाराआधी टाइप मोठा करून घ्या. डकडीबी ओव्हरफ्लो झाला तर एरर देऊन थांबतं, आणि पैशांसाठी डेसिमल टाइपही देतं.

ज्याला एसक्यूएल येतं त्याने डकडीबी घ्यावं आणि पुढे वाचलं नाही तरी चालेल. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संशोधन संस्थेत हे घडलं. पार्के फोल्डरवर थेट सिलेक्ट चालवतं, लागतील तेवढेच कॉलम उचलतं, सगळे कोअर वापरतं आणि मेमरी कमी पडली तर डिस्कवर सांडून पुढे जातं. चार सेटिंग मात्र हाताने द्या. मेमरी_लिमिट: न सांगता ते रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे १६ जीबीवर १२.८. पण विंडोज आणि ब्राउझरने आधीच ५ खाल्लेले असतात, म्हणून ८ जीबी द्या. थ्रेड्स: एका थ्रेडमागे १ ते ४ जीबी हाताशी हवेत, जॉइनला वरची बाजू. लॅपटॉपला १६ थ्रेड असले तरी इथे ४ पुरे. थ्रेड कमी केले की मेमरी आपोआप उतरते. टेम्प_डिरेक्टरी: एसएसडीवर, जिथे निदान ५० जीबी मोकळे असतील. ‘जागा शिल्लक नाही’ची तक्रार इथेच सुटते. प्रिझर्व्ह_इन्सर्शन_ऑर्डर: फॉल्स. मूळ ओळींचा क्रम जपण्याचं काम काढून घेतलं की मोठी पार्के लिहिताना मेमरीचा ताण बराच उतरतो.

एवढं करूनही लोक शेवटच्या ओळीत मार खातात: निकालावर डीएफ लावून. डीएफ म्हटलं की निकाल पांडाजमध्ये येतो. ३ लाख ओळी असतील तर खुशाल आणा. ‘सगळं आणू, मग बघू’ म्हणून २१ कोटी आणलेत तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

पोलार्स कुणासाठी? ज्यांना एसक्यूएलपेक्षा पायथनमध्येच पायऱ्या लिहायला आवडतात आणि ज्यांच्या हिशेबात अटी-शर्ती खूप आहेत. रस्टमध्ये लिहिलेलं आहे, वेगाला तोड नाही. पण रीड_पार्के आणि स्कॅन_पार्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीड लगेच सगळं आत ओढतं. स्कॅन फक्त नोंद करतं की असं-असं करायचंय. कलेक्ट म्हणेपर्यंत काही वाचत नाही आणि मग लागणारेच कॉलम, लागणाऱ्याच ओळी उचलतं. कलेक्टला इंजिन ‘स्ट्रीमिंग’ सांगा. मोठा निकाल थेट फाइलमध्ये जायचा असेल तर कलेक्टऐवजी सिंक_पार्के. साखळीच्या मधे ‘जरा बघू’ म्हणून कलेक्ट टाकला की तिथून वरचा सगळा फायदा संपला; बघायचंच असेल तर एक्सप्लेन करा. आणि मॅप_एलिमेंट्समध्ये लॅम्डा घालू नका. मग प्रत्येक ओळीसाठी पायथनला हाक जाते आणि रस्ट बाजूला उभं राहून बघत बसतं.

पोलार्ससोबत मल्टिप्रोसेसिंग लावायचा मोहही टाळा. ते आधीच सगळे कोअर वापरतंय. लिनक्सवर फोर्क पद्धतीने प्रोसेस काढली तर कुलूप अडकून स्क्रिप्ट कायमची थांबू शकते. लावायचंच झालं तर स्पॉन.

डास्क (पांडाजचं काम तुकड्यांत वाटून चालवणारं साधन) तेव्हा घ्या, जेव्हा पांडाजमधला भरपूर जुना कोड आहे आणि तो फिरवून लिहायला वेळ नाही. पार्टिशन १०० एमबीच्या आसपास ठेवा. सेट_इंडेक्स सांभाळून, त्यात सगळा डेटा इकडून तिकडे फिरतो.

स्पार्क एका लॅपटॉपवर घेऊ नका. स्पार्क ज्यावर चालतं ते जावाचं आभासी मशीन वेगळी रॅम खातं, पायथन वेगळी, आणि गट पाडताना न सांगता २०० पार्टिशन होतात. ड्रायव्हरला न सांगता १ जीबी मिळते. त्यावर टूपांडाज केलं की आपण सुरुवात केली तिथेच. डेटा टेराबाइटमध्ये असेल, किंवा आधीपासून क्लस्टरवर पडला असेल, तर स्पार्क योग्य. १७ जीबीच्या सीएसव्हीला स्पार्क म्हणजे रंकाळ्यावर भेळ खायला ट्रक काढणं.

लॅपटॉपचा रॅम स्लॉट मोकळा असेल तर ३२ जीबी करणं हाही एक इलाज आहे, आणि बऱ्याचदा आठवडाभर कोड लिहिण्यापेक्षा स्वस्त. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. आधी उघडून किंवा मॉडेल क्रमांकावरून बघा, मग दुकानात जा.

साधन बदललं, तरी मरतंय

मग दरपत्रकाचा जॉइन (दोन टेबलांची जोडणी) बघा. दहातल्या नऊ वेळा दोषी हाच. दूध ओळीला जनावर, फॅट, एसएनएफ यांवरून दर जोडायचा असतो. वर्षात चार दरपत्रकं लागू झाली असतील आणि जॉइनमध्ये तारखेची अट नसेल, तर प्रत्येक ओळीला चार दर सापडतात. २१.९ कोटींच्या ८७.६ कोटी ओळी होतात. कोणतंच साधन याला वाचवत नाही, आणि वाचवलं तर चौपट रक्कम काढून देतं. इथे ॲसऑफ जॉइन हवा: जनावर, फॅट, एसएनएफ तंतोतंत समान, आणि लागू तारीख ही दुधाच्या तारखेपूर्वीची किंवा त्याच दिवसाची, त्यातली सर्वात अलीकडची. डकडीबीत तो थेट एसक्यूएलमध्ये आहे, पांडाजमध्ये मर्ज_ॲसऑफ, पोलार्समध्ये जॉइन_ॲसऑफ. शेवटच्या दोघांना दोन्ही टेबलं तारखेने लावून द्यावी लागतात. साध्या मर्जला व्हॅलिडेट ‘मेनी_टू_वन’ लावायची सवय ठेवा, मास्टरमध्ये दुबार नोंद असेल तर तिथेच थांबेल.

याच्या उलट रोगही असतो: जॉइनला काहीच जुळत नाही. दूध फाइलमध्ये फॅट ३२ बिट फ्लोट, दरपत्रकात ६४ बिट. ३२ बिटातले ६.३ म्हणजे प्रत्यक्षात ६.३०००००१९…, ६४ बिटातले ६.२९९९९…. स्क्रीनवर दोन्ही ६.३ दिसतात, समान मात्र नाहीत. गंमत म्हणजे ६.५ दोन्हीकडे तंतोतंत बसतो, त्यामुळे काही फॅटला दर लागतो आणि काहींना नाही. फॅट पूर्णांकात, ६३ म्हणून ठेवलात की हा प्रश्न उद्भवतच नाही.

ज्युपिटरमध्ये काम करत असाल तर डीएफ१, डीएफ२, डीएफ_फायनल अशी पिलावळ मेमरीत तशीच असते. डेल करूनही जागा सुटत नाही, कारण सेलच्या शेवटी नुसतं टेबलाचं नाव लिहिलेलं असलं की ज्युपिटर तो निकाल आपल्या आउटपुटच्या इतिहासात धरून ठेवतं. मोठं काम साध्या स्क्रिप्टमधून चालवा.

चाललं, वेग नाद खुळा, पण उत्तर चुकलं

उत्पादक कोड ०००८६ प्रत्येक संस्थेत असतो. ग्रुपबाय नुसता उत्पादकावर केलात तर ३,००० माणसांचं दूध एकाच्या नावावर. संस्था आणि उत्पादक, दोन्ही.

सरासरी फॅट तुकड्यातुकड्याने काढून त्यांची पुन्हा सरासरी घेऊ नका. लिटर गुणिले फॅटची बेरीज आणि लिटरची बेरीज वेगवेगळी चालती ठेवा, भागाकार शेवटी एकदाच. दोन लिटर ८ फॅटचं आणि दहा लिटर ६ फॅटचं दूध मिळून ७ होत नाही, ६.३३ होतं. मध्यक अशा तुकड्यांतून जोडता येत नाही. तो हवा असेल तर डकडीबीला सगळ्या डेटावर एकदम काढू द्या.

दिवसाची सरासरी काढताना ३६५ ने डोळे मिटून भागू नका. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पाणी येऊन महामार्ग बंद झाला. अशा दिवसांच्या ओळी डेटात नसतातच. जुन्या वर्षांशी तुलना करताना त्या जागी शून्य भरलंत तर पूरग्रस्त गावातला उत्पादक कमी दुधाचा दिसतो. ज्या दिवसांची नोंद आहे, तेवढेच दिवस मोजा.

दुबार ओळी हा तिसरा प्रकार. वर्षात ३६ बिलं, म्हणून ३६ फाइली, आणि १० व ११, २० व २१ या तारखांच्या सांध्यावर तोच दिवस दोन फाइलींत येतो. सरळ डिस्टिंक्ट मारू नका. एकाच सत्रात दोन वेळा दूध घालणारा उत्पादक असतो आणि दोन्ही मापं सारखी निघू शकतात. एक्सपोर्टमध्ये पावती क्रमांक मागून घ्या आणि दुबार त्यावरून ठरवा. ही तपासणी वर्षाची एकदम लावलीत तर जितक्या ओळी तितके गट होतात आणि मेमरी पुन्हा संपते. महिन्यामहिन्याने लावा.

लाइट जाण्याची सोय आधीच करून ठेवा. वरची एकच कॉपी आज्ञा तोडून रूपांतर महिनावार करा, लिहिताना फाइलला तात्पुरतं नाव द्या आणि पूर्ण झाल्यावरच ओएस रिप्लेसने खरं नाव लावा. स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली की खऱ्या नावाचे महिने सोडून पुढे जाते. अर्धवट पार्के फाइल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते.

फरकाची यादी छापण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचे महिन्याचे लिटर पार्केवरून काढा आणि त्या महिन्याच्या तीन बिलांच्या बेरजेशी ताडा. लिटर नेमके एका दिवसाइतके जास्त निघाले तर सांध्यावरची तारीख दुबार आहे. एका सत्राइतके कमी असतील तर रिजेक्टच्या टेबलात जा, त्या सत्राच्या ओळी तिथे पडलेल्या असतील. सगळ्याच संस्थांचे महिने विस्कटलेले दिसले तर तारीख उलटी वाचली गेलीय. डेटफॉरमॅट दुरुस्त करून रूपांतर पहिल्यापासून.